विजेच्या गाड्या आणि शासनाचा शब्द

नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्र सरकारच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या खरेदीस उत्तेजन देण्यासाठी ९५ कोटी रुपयांची एक योजना जाहीर केली आणि वाहनाच्या कारखान्यातील किमतीच्या २० टक्क्यांपर्यंत साहाय्य मिळेल अशी तजवीज केली. रक्कम मोठी नव्हती. तरी तेवढ्या भरवशावर काही कारखानदारांनी भांडवल घातले, विक्रेत्यांनी गाळे भाड्याने घेतले, आणि पेट्रोलच्या दराने गांजलेल्या काही ग्राहकांनी त्या काळच्या मंदगती, जडशीळ बॅटरीच्या स्कूटरी घरी आणल्या. ३१ मार्च २०१२ रोजी योजनेची मुदत संपली, तिच्या जागी दुसरी योजना आली नाही, आणि पाहता पाहता विक्री कोसळून कित्येक विक्रेत्यांनी धंदा गुंडाळला. हा प्रसंग आज फारसा कोणाच्या स्मरणात नाही. तथापि विद्युत्-वाहनांच्या प्रसारासाठी शासनाने काय करावे याचा विचार करू लागले म्हणजे मला प्रथम तोच आठवतो. कारण गेल्या पंधरा वर्षांचा इतिहास बारकाईने पाहिला असता, शासनाने किती पैसा दिला यापेक्षा त्याने आपला शब्द किती स्पष्टपणे उच्चारला आणि किती काळ पाळला याचाच परिणाम अधिक खोल झालेला दिसतो, आणि ज्या हुकुमांनी या वाहनांची वाट खऱ्या अर्थाने मोकळी केली, त्यांतील बहुतेकांपायी सरकारी तिजोरीतील एक छदामही खर्च झालेला नाही.

शासनाने या व्यवहारात मुळात पडावेच का, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो रास्तही आहे. विजेच्या गाडीचा खर्च पेट्रोलच्या गाडीहून वेगळ्या रीतीने वाटला गेलेला असतो. पेट्रोलची गाडी घेणारा माणूस किंमत एकदा मोजतो आणि इंधनाचा खर्च पुढे दहा-बारा वर्षे थोडा थोडा करीत राहतो. विजेची गाडी घेणाऱ्याला मात्र बॅटरीच्या रूपाने पुढील कित्येक वर्षांच्या इंधनखर्चाचा मोठा भाग पहिल्याच दिवशी रोख द्यावा लागतो, मग त्याचा लाभ त्याला दररोज किलोमीटरमागे पैशांनी होत असला तरी. ज्याच्याजवळ आरंभीची रक्कम नाही त्याला पुढच्या बचतीचा हिशेब ऐकवून उपयोग नसतो. त्यातच आधी बीज की आधी वृक्ष हा जुना पेच येथेही उभा राहतो: गाड्या नाहीत म्हणून चार्जिंगची केंद्रे कोणी काढीत नाही, आणि केंद्रे नाहीत म्हणून गाड्या कोणी घेत नाही. आपल्याला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आपण परदेशांतून आणतो, त्याचा भार सबंध राष्ट्राच्या चलनावर पडतो, आणि वाहनांच्या धुराचा भार रस्त्याकाठी राहणाऱ्यांच्या फुप्फुसांवर पडतो. हे दोन्ही भार गाडीच्या किमतीत कोठेही मांडलेले नसतात. बाजार ज्याची नोंद करीत नाही त्याची नोंद शासनाने करावयाची असते, आणि एवढ्यापुरता त्याचा हस्तक्षेप पूर्णपणे समर्थनीय आहे.

जानेवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय विद्युत् गतिशीलता अभियानाचा आराखडा प्रसिद्ध झाला आणि २०२० पर्यंत साठ ते सत्तर लाख विद्युत्-वाहने रस्त्यावर आणण्याचे उद्दिष्ट त्यात मांडले गेले. ते उद्दिष्ट साध्य झाले नाही. त्या आराखड्यातून निघालेली ‘फेम’ ही अनुदान-योजना १ एप्रिल २०१५ रोजी सुरू झाली. ती दोन वर्षांसाठी म्हणून आखली होती, पण मुदतवाढी मिळत मिळत ३१ मार्च २०१९ पर्यंत चालली. दुसऱ्याच दिवशी, म्हणजे १ एप्रिल २०१९ रोजी, तिचा दुसरा टप्पा सुरू झाला आणि त्यासाठी १०,००० कोटींची तरतूद झाली, ती पुढे ११,५०० कोटींवर नेण्यात आली. दहा लाख दुचाकी, पाच लाख तीनचाकी, पंचावन्न हजार चारचाकी आणि ७,०९० बसगाड्या असा तिचा संकल्प होता. या टप्प्याची रचना पहिल्याहून अधिक विचारपूर्वक झाली होती. अनुदान वाहनामागे ठोक न देता बॅटरीच्या क्षमतेच्या प्रमाणात द्यावे, म्हणजे दर किलोवॉट-तासामागे १०,००० रुपये, असे ठरले. जुन्या धर्तीच्या शिसे-आम्ल बॅटऱ्या तीतून वगळल्या. आणि वाहन निदान काही पल्ला गाठणारे व बेताच्या वेगाचे असावे अशा अटी घातल्या. परिणामी, पैसा नुसत्या खोक्याला न जाता त्या खोक्यात साठणाऱ्या शक्तीला जाऊ लागला, आणि कमी दर्जाची, नाममात्र विद्युत् म्हणावी अशी वाहने हळूहळू योजनेबाहेर पडली.

परंतु या योजनेची पुढील वाटचाल पाहिली म्हणजे मुदतीचे आणि शब्दाचे महत्त्व पुन्हा ध्यानात येते. जून २०२१ मध्ये दुचाकींचे अनुदान किलोवॉट-तासामागे १५,००० रुपयांवर नेले गेले आणि त्याची कमाल मर्यादा वाहनाच्या किमतीच्या ४० टक्के ठरली. दोनच वर्षांनी, १ जून २०२३ पासून, तो दर पुन्हा १०,००० वर आला व मर्यादा एकदम १५ टक्क्यांवर आणली गेली. ज्या स्कूटरची बॅटरी तीन किलोवॉट-तासांची आणि कारखान्यातील किंमत एक लाख तीस हजार आहे तिचे उदाहरण घ्या: मे महिन्याच्या अखेरच्या दिवशी तिच्यावर ४५,००० रुपयांचे साहाय्य मिळत होते, दुसऱ्या दिवशी ते १९,५०० वर आले. त्या मे महिन्यात देशभर एक लाखाहून अधिक विद्युत्-दुचाकींची नोंदणी झाली आणि जूनमध्ये त्याच्या निम्म्याहूनही कमी. एप्रिल २०२४ मध्ये ‘फेम’ची जागा एका अल्पमुदतीच्या योजनेने घेतली, १ ऑक्टोबर २०२४ पासून १०,९०० कोटी रुपयांची ‘पीएम ई-ड्राइव्ह’ आली, आणि आपल्या उदाहरणातील स्कूटरचे साहाय्य प्रथम १०,००० वर व पुढल्या वर्षी ५,००० वर उतरले. या शेवटच्या दोन पायऱ्यांचे मला कौतुक वाटते. कारण त्या आधी जाहीर झाल्या होत्या, दुचाकींसाठी ३१ मार्च २०२६ ही अखेरची तारीखही ठरलेली होती, आणि कारखानदाराला आपला हिशेब त्याप्रमाणे मांडता आला. अनुदान कमी होणे यात अनुचित काही नाही. बॅटरी स्वस्त होत गेली तसे ते कमी व्हावयासच हवे. आघात होतो तो एका रात्रीत होणाऱ्या बदलाचा.

या बाबतीत नॉर्वेचा दाखला द्यावासा वाटतो, जरी त्या देशाची संपत्ती, लोकसंख्या आणि जलविद्युत यांची तुलना आपल्याशी करता येत नाही. तेथे विजेच्या मोटारींना मूल्यवर्धित करातून २००१ पासून सूट मिळाली ती दोन दशके अबाधित राहिली; २०२५ पर्यंत सर्व नव्या मोटारी धूररहित असाव्यात असे उद्दिष्ट तेथील संसदेने ठेवले; आणि सवलत मागे घेण्याची वेळ आली तेव्हा २०२३ पासून प्रथम पाच लाख क्रोनरहून महाग मोटारींच्या वरच्या रकमेवर तेवढा कर बसविला गेला. २०२४ मध्ये तेथे विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी दहातल्या जवळजवळ नऊ विजेच्या होत्या. पेट्रोलच्या गाडीवर जबर कर बसवून विजेच्या गाडीला करमुक्त ठेवणे हा त्यांच्या धोरणाचा कणा. तिजोरीतून रोख रक्कम काढून देण्यापेक्षा ही रीत चिवट ठरली. आपल्याकडे त्याचे सौम्य रूप वस्तू व सेवा कराच्या दरात दिसते: १ ऑगस्ट २०१९ पासून विद्युत्-वाहनांवरील हा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर व चार्जरवरील १८ वरून ५ वर आला, आणि पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये लहान पेट्रोल मोटारींचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर उतरल्यामुळे दोहोंतील अंतर घटले असले तरी विजेच्या गाडीचा ५ टक्क्यांचा दर कायम राहिला आहे.

अनुदानाच्या पैशाबरोबर लबाडीही येते. देशी सुटे भाग वापरण्याची अट धाब्यावर बसवून आयात केलेल्या भागांची वाहने अनुदानावर विकली गेल्याचे चौकशीत आढळले आणि काही कंपन्यांकडे वसुली लावण्यात आली. काहींनी अनुदानासाठी ठरलेली किमतीची दीड लाखाची मर्यादा ओलांडू नये म्हणून चार्जर हा जणू स्वतंत्र जिन्नस असल्याप्रमाणे त्याचे वेगळे पैसे घेतले, आणि २०२३ मध्ये ते ग्राहकांना परत करण्याची पाळी त्यांच्यावर आली. नव्या योजनेत म्हणून ग्राहकालाच साक्षीदार केले आहे. दुकानात गाडी ठरली की आधारच्या आधारे ग्राहकाची ओळख पटवून योजनेच्या पोर्टलवर ई-व्हाउचर निघते, त्याचा दुवा ग्राहकाच्या मोबाइलवर येतो, त्यावर ग्राहक व विक्रेता या दोघांची सही होते, ग्राहकाचा सेल्फीही जोडला जातो, आणि मगच कंपनीला आपला परतावा मागता येतो. ज्याच्या नावे साहाय्य उचलले जाते त्याला त्याचा आकडा ठाऊक असावा, ही साधी गोष्ट साधावयास दहा वर्षे लागली.

आता त्या बिनखर्चाच्या हुकुमांकडे वळू, कारण या विषयातील खरा रस मला त्यांतच आढळतो. २००३ च्या विद्युत् अधिनियमाप्रमाणे विजेचे पारेषण, वितरण किंवा व्यापार करावयाचा तर परवाना लागतो. एखाद्या हॉटेलवाल्याने आपल्या आवारात चार्जर बसवून वाटसरूच्या गाडीत वीज भरली आणि त्याबद्दल पैसे घेतले, तर त्याने विजेची विक्री केली असे होते काय? होत असेल तर त्याने वीज-कंपनीप्रमाणे परवाना काढला पाहिजे, वीज नियामक आयोगापुढे दर मंजूर करून घेतले पाहिजेत, आणि असे सव्यापसव्य कोणता हॉटेलवाला करील? कायदा लिहिला गेला तेव्हा मोटारीत वीज भरावी लागेल हे कोणाच्या मनातही नव्हते. परंतु कायद्याच्या धूसरपणाचा धाक हा स्पष्ट मनाईइतकाच प्रभावी असतो, आणि या एका शंकेपायी कित्येकांचे भांडवल अडून बसले होते. १३ एप्रिल २०१८ रोजी ऊर्जा मंत्रालयाने एक खुलासा काढला. चार्जिंग केंद्रात विद्युत् ऊर्जेचे रासायनिक ऊर्जेत रूपांतर होऊन ती बॅटरीत साठते, त्या क्रियेत केंद्रचालक पारेषण, वितरण किंवा व्यापार यांपैकी काहीही करीत नाही, तो एक सेवा पुरवितो, यास्तव त्याला परवान्याची गरज नाही, असा त्याचा आशय. संसदेत विधेयक नाही, अंदाजपत्रकात तरतूद नाही, कोनशिला नाही. परंतु आज हमरस्त्यावरील धाब्यापुढे, मॉलच्या तळघरात किंवा पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात जो चार्जर दिसतो, त्याचे कायदेशीर अस्तित्व या खुलाशावर उभे आहे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात निघालेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी शहरात तीन किलोमीटरांच्या चौकटीत निदान एक केंद्र आणि महामार्गावर दर २५ किलोमीटरांवर दोन्ही बाजूंस एकेक केंद्र असावे असा दंडक घातला, आणि कोणालाही असे केंद्र काढण्याची मुभा दिली.

तरीही बहुसंख्य लोक गाडी घरीच, रात्री, झोपेच्या वेळात चार्ज करतात, आणि घर जर पुण्यामुंबईच्या एखाद्या जुन्या गृहनिर्माण संस्थेत असेल तर महामार्गावरील शंभर केंद्रे त्या घरच्या माणसाच्या उपयोगी पडत नाहीत. त्याची गाडी उभी राहते ती मागल्या भिंतीलगत, मीटरची खोली असते जिन्याखाली, मध्ये चाळीस-पन्नास फूट केबल न्यावी लागते, ती पाण्याच्या टाकीवरून न्यावी की गटाराच्या कडेने यावर समितीत एकमत होत नाही. सेक्रेटरी ना-हरकत दाखला देण्यास कचरतात, कारण इमारतीचा मंजूर भार तीस वर्षांपूर्वीचा आहे आणि उद्या आणखी दहा जणांनी अशीच मागणी केली तर काय, ही त्यांची शंका खोटी नसते. या अडचणीची दखल दोन तरतुदींनी घेतली आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये आदर्श इमारत-उपविधींत दुरुस्ती होऊन नव्या इमारतींत वाहनतळाच्या २० टक्के जागी चार्जिंगची सोय व त्याजोगा वाढीव वीजभार असावा असे सुचविले गेले. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये वीजग्राहकांच्या हक्कांविषयीच्या नियमांत अशी भर पडली की, ग्राहकाला आपल्या वाहनासाठी स्वतंत्र वीजजोडणी मागता येईल. पहिली तरतूद शिफारशीच्या स्वरूपाची आहे, कारण बांधकामाचे नियम हा राज्यांचा व नगरपालिकांचा प्रांत. दुसरी हक्काच्या स्वरूपाची आहे आणि म्हणून मला ती अधिक मोलाची वाटते. पण तो हक्क वीज-कंपनीपुढे चालतो, शेजाऱ्यापुढे नव्हे. सामाईक भिंतीवरून केबल नेण्याचा अधिकार सभासदाला आहे काय, खर्च कोणी सोसावा, समितीने किती दिवसांत उत्तर द्यावे, हे सहकार कायद्याच्या चौकटीत स्पष्टपणे लिहिले गेल्याखेरीज शहरांतील मध्यमवर्गाची अर्धी अडचण तशीच राहील, असे माझे निश्चित मत आहे.

परिवहन खात्याने काढलेल्या लहानसहान हुकुमांची मालिकाही अशीच उद्बोधक आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये विद्युत्-वाहनांस हिरवी नंबरपाटी मिळाली, खासगी वाहनास पांढऱ्या आणि व्यवसायाच्या वाहनास पिवळ्या अक्षरांची, जेणेकरून टोलनाक्यावर वा वाहनतळावर सवलत द्यावयाची तर वाहन ओळखू यावे. त्याच वर्षी ऑक्टोबरात भाड्याने चालणाऱ्या विद्युत्-वाहनांस परमिटाच्या अटीतून मुक्त केले गेले. ज्याने आरटीओच्या दारात परमिटासाठी हेलपाटे घातले आहेत, त्याला या सवलतीची किंमत कळेल. ऑगस्ट २०२० मध्ये बॅटरीविना वाहन विकण्यास व नोंदविण्यास परवानगी मिळाली, त्यामुळे बॅटरी भाड्याने घेण्याचा व बदलून घेण्याचा व्यवसाय शक्य झाला.

तीनचाकी ई-रिक्षांची कथा याहून निराळी, कारण तेथे वाहन आधी आले आणि कायदा मागाहून. दिल्लीच्या रस्त्यांवर हजारो ई-रिक्षा कोणत्याही नोंदणीविना धावत होत्या; जुलै २०१४ च्या अखेरीस तेथील उच्च न्यायालयाने त्यांवर बंदी घातली, आणि त्या रिक्षांवर पोट असलेल्या माणसांचा प्रश्न एकाएकी सरकारपुढे उभा राहिला. ऑक्टोबरात नियम झाले, जानेवारी २०१५ मध्ये अध्यादेश निघाला आणि मार्चमध्ये मोटार वाहन अधिनियमात दुरुस्ती होऊन ताशी २५ किलोमीटरांच्या आतील या वाहनास कायद्यात स्थान मिळाले. पुढे कोणत्याही मोठ्या अनुदानावाचून ही वाहने उत्तर हिंदुस्थानच्या गावोगावी पसरली, आणि आज आपल्या देशात नव्याने विकल्या जाणाऱ्या तीनचाकींत निम्म्याहून अधिक विजेच्या आहेत. हे प्रमाण मोटारींत अजून फार थोडे आहे.

महाराष्ट्रात या वाहनाचा विषय निघाला म्हणजे माथेरानचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झालेल्या त्या गिरिस्थानी मोटारीस मज्जाव. म्हणून पर्यटक हातरिक्षांत बसून राहत आणि माणसे त्यांना चढावर ओढीत. लाल मातीच्या त्या चढणीवर, पावसाळ्यात पाय घसरत असता, एक माणूस पुढे ओढतो आहे व दोघे मागून रेटीत आहेत, हे दृश्य ज्यांनी पाहिले असेल त्यांना ते विसरता येणार नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अनुमतीने तेथे ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला, वाद झाले, घोडेवाल्यांनी हरकती घेतल्या, आणि अखेर ६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने, स्वातंत्र्यानंतर पाऊणशे वर्षे लोटली तरी माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा चालावी हे अमानुष असल्याचे बजावून, सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करण्याचा आणि त्या ओढणाऱ्यांचे ई-रिक्षांद्वारे पुनर्वसन करण्याचा आदेश राज्य शासनास दिला. विद्युत्-वाहनाचा विचार आपण धूर आणि तेल यांच्या हिशेबात करतो. त्याने एका माणसाच्या खांद्यावरचे जू उतरू शकते, हा लाभ त्या हिशेबात कोठे मांडावा हे मला ठाऊक नाही, पण मला तो सर्वांत वरचा वाटतो.

उत्तेजनाइतकेच नियंत्रणही अगत्याचे आहे, हे २०२२ च्या उन्हाळ्याने शिकविले. त्या मार्च महिन्यात पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली एक ई-स्कूटर भर दिवसा पेटली, तिचे चित्रण देशभर पाहिले गेले; त्याच सुमारास तामिळनाडूतील वेल्लोर येथे चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या आगीत बापलेकीचा अंत झाला. लिथियमच्या बॅटरीत शेकडो लहान घट एकमेकांस खेटून बसविलेले असतात. त्यांतील एकात दोषामुळे आतल्या आत शॉर्टसर्किट झाले की तो तापतो, त्याची उष्णता शेजारच्या घटाला बिघडविते, आणि ही साखळी सुरू झाल्यावर पाण्याचा मारा करूनही ती सहजासहजी तुटत नाही. सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीच्या शिफारशींवरून ‘एआयएस-१५६’ हे मानक कडक करण्यात आले आणि त्याचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून व दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. बॅटरी धूळ आत न शिरेल अशी आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडविली तरी सुरक्षित राहील अशी बंदिस्त हवी. घट केव्हा बनला याची नोंद त्यावर हवी. आत उष्णता वाढू लागताच चालकाला दिसेल व ऐकू येईल असा इशारा मिळावयास हवा. आणि एक घट बिघडविला असता आग साऱ्या पॅकभर पसरत नाही हे प्रत्यक्ष चाचणीत सिद्ध करावयास हवे. अशा चाचण्या करणाऱ्या संस्थांपैकी एक प्रमुख संस्था आपल्या पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे: १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय. कारखानदारांनी त्या वेळी खर्चवाढीची व वेळेच्या तोकडेपणाची तक्रार केली, आणि तीत तथ्यही होते. परंतु आणखी एका उन्हाळ्यात आणखी काही घरे जळाली असती तर लोकांचा जो इतबार उडाला असता, तो कोणत्याही अनुदानाने परत आला नसता.

सार्वजनिक बसगाड्यांचा प्रश्न पैशाचा खरा, पण तेथेही अखेर शब्दाचाच. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. १ जून २०२२ रोजी, त्याच मार्गावर, आज ज्याला अहिल्यानगर म्हणतात त्या शहराकडे ‘शिवाई’ ही महामंडळाची पहिली विजेची बस निघाली. विजेची बस डिझेलच्या बसहून कितीतरी महाग, आणि आपली परिवहन महामंडळे तोट्यात. म्हणून बस विकत न घेता ती मक्त्याने चालवावयास द्यावी, गाडी, चालक व देखभाल मक्तेदाराची, वाहक व तिकिटाचे उत्पन्न महामंडळाचे, आणि मक्तेदारास किलोमीटरमागे ठरलेला दर द्यावा, अशी पद्धत पडली. यात मेख अशी की, महामंडळाने बिल थकविले तर मक्तेदार बँकेचा हप्ता कोठून भरणार? हे ओळखून बँका कर्ज देईनात, आणि दिले तर चढ्या व्याजाने देत. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने ३,४३५ कोटींचा एक हमी-निधी मंजूर केला: महामंडळाने देणे चुकविले तर मक्तेदारास त्यातून पैसे मिळतील, आणि केंद्र ते मागाहून संबंधित राज्याकडून वळते करून घेईल. अडतीस हजारांवर बसगाड्यांना या हमीचे छत्र मिळावे असा बेत आहे. प्रत्येक बस अनुदानाने विकत घेण्यास याच्या कित्येक पट पैसा लागला असता.

महाराष्ट्र शासनाने २०१८, २०२१ आणि २०२५ अशी तीन धोरणे जाहीर केली. २९ एप्रिल २०२५ रोजी मंत्रिमंडळाने मान्य केलेल्या तिसऱ्या धोरणात १,९९३ कोटी रुपयांची तरतूद असून २०३० पर्यंत नव्या नोंदणीत ३० टक्के वाहने विजेची असावीत असे लक्ष्य आहे, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग व अटल सेतू यांवर विजेच्या मोटारी व बसगाड्या यांना टोल पूर्ण माफ केला आहे. त्याच्या महिनाभरच आधी, मार्चच्या अर्थसंकल्पात, तीस लाखांहून महाग विद्युत्-मोटारींवर ६ टक्के कर सुचविला गेला होता व टीका झाल्यावर तो मागे घेतला गेला. टोलमाफीची अंमलबजावणी अटल सेतूवर सुरू झाली ती २२ ऑगस्टला, आणि त्यानंतरही फास्टॅगमधून पैसे कापले जात असल्याच्या तक्रारी विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनापर्यंत पोहोचल्या. रक्कम म्हणाल तर ती काही शेकड्यांची. पण ज्या नागरिकाने राजपत्रातील वचनावर विसंबून दहा-पंधरा लाखांची गाडी घेतली, त्याच्या मनात टोलनाक्यावर जे मत बनते ते तो गावभर सांगतो.

कारखानदारीच्या बाजूस शासनाने केलेल्या उपायांत प्रगत बॅटरीसाठी २०२१ मध्ये मंजूर झालेली १८,१०० कोटींची उत्पादन-संलग्न योजना ही सर्वांत ठळक. तिचे फळ अपेक्षेहून पुष्कळच संथ गतीने येत आहे. याहून कमी चर्चिली गेलेली, पण परिणामकारक अशी तरतूद मोटार कंपन्यांच्या इंधन-कार्यक्षमतेच्या मानकांत आहे. कंपनीने वर्षभरात विकलेल्या सर्व मोटारींच्या कर्बोत्सर्जनाची सरासरी २०२२-२३ पासून किलोमीटरमागे ११३ ग्रॅमच्या आत राखावयाची असते, आणि या हिशेबात एक विद्युत्-मोटार तीन मोटारींइतकी धरली जाते. मोठ्या, जड मोटारी विकून नफा मिळविणाऱ्या कंपनीलाही त्यामुळे काही विजेच्या मोटारी बनविणे भाग पडते. ग्राहकाच्या डोळ्यांना ही सक्ती कधी दिसत नाही.

राहता राहिला जुन्या बॅटऱ्यांचा प्रश्न, आणि तो आता दारात येऊन ठेपला आहे. कारण २०२१-२२ पासून ज्या दुचाकी मोठ्या संख्येने विकल्या गेल्या, त्यांच्या बॅटऱ्या एकामागून एक निकामी होऊ लागतील. शिसे-आम्ल बॅटरीला भंगारात चांगला भाव मिळतो, म्हणून ती आपोआप गोळा होते, मग तिचे शिसे एखाद्या वस्तीच्या कडेला उघड्यावर वितळविले जात का असेना. लिथियमच्या बॅटरीचे तसे नाही. ती फोडणे धोक्याचे, आणि तिच्यातील लिथियम, कोबाल्ट, निकेल वेगळे काढणे हे भंगारवाल्याचे काम नव्हे. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे: गोळा झालेल्या वाहन-बॅटरीतून २०२६-२७ पासून ९० टक्के द्रव्य परत मिळविले पाहिजे, आणि २०२७-२८ पासून नव्या बॅटरीत निदान ५ टक्के द्रव्य असे पुनर्प्राप्त असावे, ते प्रमाण २०३०-३१ पर्यंत २० टक्क्यांवर जावे. नियम उत्तम आहे. परंतु शिरूर किंवा सांगोला येथे ज्याच्या स्कूटरची बॅटरी बसली, ज्या कंपनीकडून त्याने ती घेतली तिचे गावातील दुकान दोन वर्षांपूर्वी बंद झाले, त्याने ते वीस-पंचवीस किलोंचे धूड कोठे नेऊन द्यावे, त्याबद्दल त्याला काय मिळावे, आणि तोवर ते घराच्या कोणत्या कोपऱ्यात ठेवणे सुरक्षित, हे त्याला उत्पादकाने तालुक्यापर्यंत पोहोचून सांगावयाचे आहे. आणि त्याने ते सांगितले की नाही, हे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने कागदी प्रमाणपत्रांवर न विसंबता जागेवर जाऊन पाहावयाचे आहे.